काळ्या पाषाणातील रंग

महाराष्ट्राच्या बहुतांश भूमीखाली जो काळा पाषाण आहे, त्यात रंग शोधायला सहसा कोणी जात नाही. किल्ल्यांचे तट, नदीकाठचे घाट, देवळांची जोती हाच दगड वापरून उभी राहिली, आणि त्याचा मजबूतपणा आपण इतका गृहीत धरला की त्याच्या अंतरंगाकडे पाहणे राहूनच गेले. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याच्या थरांवर थर साचून हा बेसाल्ट तयार झाला. त्याच्याविषयी मला आज एकच गोष्ट मांडायची आहे: खडकाला रंग पुष्कळदा एखादे मूलद्रव्य देते, आणि त्या मूलद्रव्याची परिस्थिती बदलली की रंगही बदलतो.

लोहाचेच पाहा. ताज्या बेसाल्टमध्ये ते मॅग्नेटाइट आणि पायरॉक्सिन या खनिजांत असते, म्हणून दगड काळा. तोच दगड हवापाण्याने कुजून मुरूम झाला की लोह पिवळे-तपकिरी होते. घाटात रस्त्यासाठी कापलेल्या डोंगराच्या बाजूला दोन काळ्या थरांमध्ये कधी कधी एक विटकरी पट्टा दिसतो. खालचा थर थंड झाल्यावर वरचा लाव्हा येईपर्यंत बराच काळ गेला, आणि त्या अवधीत उघड्या पृष्ठभागावरचे लोह गंजत गेले, असा त्याचा बहुधा अर्थ असतो.

नक्षी पाहायची असेल तर मात्र पोकळ्यांकडे वळावे लागते. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, आणि पुढे दीर्घकाळ झिरपणाऱ्या पाण्याने दगडातली विरघळलेली द्रव्ये तिथे आणून साठवली. अशी एक पोकळी फोडून कडेकडून मध्याकडे पाहत जावे. भिंतीलगत अनेकदा सेलॅडोनाइट या खनिजाचा पातळ हिरवा लेप असतो, आणि तो हिरवा रंगही लोहाचाच. त्यावर अकीकाचे दुधी, करडे, निळसर पट्टे. मग गारेचे टोकदार स्फटिक. आणि जागा उरली असेल तर स्टिलबाइट या खनिजाच्या मोतिया स्फटिकांच्या, कापणीनंतर मधोमध बांधलेल्या पेंढ्यांसारख्या जुड्या. भिंतीजवळचे आधीचे आणि मध्याकडचे नंतरचे, हा क्रम सहसा मोडत नाही. काही अकिकांत खालच्या भागातले पट्टे भिंतीची वळणे सोडून अगदी सपाट असतात. ते तयार होताना दगडाची खालची बाजू कोणती होती, हे त्यांवरून आजही सांगता येते.

पुण्याजवळच्या वाघोलीच्या खडीच्या खाणींत पांढऱ्या स्टिलबाइटवर कॅव्हनसाइट या खनिजाचे गडद निळे गुच्छ सापडले आणि जगभरच्या संग्रहालयांत गेले. त्यांची निळाई व्हॅनेडियम या धातूची. आणि पुण्याच्याच पाषाण टेकडीच्या परिसरात मिळालेल्या अपोफिलाइट या खनिजाचा हिरवा रंगही व्हॅनेडियमचाच! खडी फोडण्याच्या कामात असे किती स्फटिक चुरा झाले असतील, या विचाराने मला खरोखर वाईट वाटते.

हा रंगबदल माणसानेही फार पूर्वी हाती घेतला. गुजरातमधील रतनपूरचा पिवळसर अकीक खंबायतचे कारागीर तापवतात. उष्णतेने त्यातल्या लोहसंयुगातले पाणी निघून जाते, हेमटाइट हे तांबडे लोहखनिज तयार होते आणि मणी तांबडा होतो. गुजरातमधल्याच लोथलच्या उत्खननात हडप्पा काळातील मणी घडवण्याची कर्मशाळा भट्टीसह सापडलेली आहे.