रबाळ्याच्या गाळ्यातला वॉर्ड

रबाळे एमआयडीसी, रात्रीचे साडेअकरा. ट्रान्स-हार्बरची लोकल गेली, की तिचा आवाज विरेपर्यंत सगळे थांबतात. मग टेक.

बंद पडलेल्या या गाळ्यात नवी मुंबईच्या पोरांनी आपल्या फिल्मसाठी हॉस्पिटलचा वॉर्ड उभा केलाय. कमरेपर्यंत हिरवा ऑइलपेंट. भंगारातून आणलेल्या खाटा. सलाइनच्या स्टँडवरचा गंज कुणी घासला नाही; तो हवाच होता.

गोष्ट पुढच्या काळातली. म्हातारपण थोपवणाऱ्या औषधाची चाचणी चाललीय आणि तिच्यासाठी मजूर नाक्यावरून सहा माणसं आणलीत. आठव्या दिवशी त्यांची कातडी सुटू लागते. खालून निघते ती त्यांची नसते. सहापैकी दोघं वाचतात.

ही ती कातडी. जिलेटिन, ग्लिसरीन आणि पाणी. पातेलं थेट गॅसवर ठेवायचं नाही. गरम पाण्यात ठेवून हळूहळू वितळवायचं, काचेवर पातळ ओतायचं, पापुद्रा धरला की कडा अलगद उचलायच्या. दिव्यासमोर धरलेला हा तुकडा बघा, आरपार दिसतो. पण मे महिना, आणि टेकच्या वेळी पंखा बंद. उष्णतेनं जिलेटिन पाघळतं. म्हणून मेकअप करणारी ताई सगळे तुकडे मासळीच्या थर्माकोलच्या खोक्यात, बर्फावर ठेवते. रक्त म्हणजे केकच्या सामानाच्या दुकानातलं लिक्विड ग्लुकोज, खायचा लाल रंग आणि चिमूटभर कोको. कोको नसेल तर ते सरबतासारखं दिसतं.

आणि हा कागद. अख्ख्या फिल्ममध्ये मला भीती वाटली ती याची. संमतीपत्र. आठ पानं, सगळी इंग्रजीत, शेवटी अंगठ्याची जागा.

अमेरिकेत टस्कीगीला १९३२ पासून सिफिलिस झालेल्या ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांना सरकारी डॉक्टर सांगत राहिले, तुमचं रक्त खराब आहे. त्यावर पेनिसिलिन हे औषध आलं, तरी दिलं नाही. १९४७ साली न्यूरेंबर्गच्या न्यायालयानं नाझी डॉक्टरांच्या खटल्यात माणसांवरच्या प्रयोगांसाठी पहिलाच नियम घालून दिला होता, माणसाची स्वतःहून दिलेली संमती. टस्कीगीचा प्रयोग त्यानंतरही पंचवीस वर्षं चालला. सरकारनं माफी मागितली १९९७ साली. तेव्हा त्या प्रयोगातले आठजण हयात होते.

आपल्याकडे २०१९ च्या नियमांनुसार, अगदी नव्या औषधाची चाचणी दुर्बल स्थितीतल्या माणसावर करायची, तर संमती घेतानाचं व्हिडिओ रेकॉर्डिंग करावं लागतं. या पोरांनी नेमका तोच कॅमेरा फिल्ममध्ये आणलाय.

खुर्चीतले काका ऐरोलीत वॉचमन आहेत. कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदाच. शूटिंगआधी त्यांनी स्वतःचं करारपत्र हातात धरून म्हटलं, "पोरा, काय लिहिलंय ते वाचून दाखव." दिग्दर्शक तिथंच जमिनीवर बसला, ओळ न् ओळ वाचली. अर्धा तास गेला. तेच हे काका.

आता सीन. लाल दिवा लागलाय. पाठीमागून नर्सचा आवाज.

"सगळं समजलं ना? हो म्हणा, काका."