हे खरे आहे काय?

(दृश्य: पहाटेचा बालाघाट डोंगर. कच्च्या रस्त्यावर उभा ट्रॅक्टर, ट्रॉलीत चढवले जाणारे सामान.)

दिवाळी सरली की बीड, धाराशिव, जालना आणि परभणी जिल्ह्यांतल्या कोरडवाहू पट्ट्यातली गावे रिकामी होऊ लागतात. मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) घेतलेली जोडपी भांडीकुंडी, ज्वारीची पोती, शेळ्या आणि शाळेत जाण्याच्या वयाची मुले ट्रॉलीत बसवून पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायकोच्या या जोडीला कारखान्याच्या हिशेबात ‘एक कोयता’ म्हणतात. पाच-सहा महिन्यांनी पट्टा पडला, म्हणजे गाळप हंगाम संपला, की ती परततात आणि बहुतेकदा पुढच्या हंगामाची उचल घेऊनच उन्हाळा काढतात.

ही माणसे फडात, म्हणजे तोडणीच्या उसाच्या शेतात, पोहोचून ऊस तोडू लागतात, त्याच सुमारास नागपुरात राज्य विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरते. मराठवाड्याचे आमदार तिथे आपल्या मतदारसंघाबद्दल प्रश्न विचारत असतात, आणि त्या मतदारसंघातले हजारो मतदार तेव्हा दुसऱ्याच कुणाच्या मतदारसंघात, शेताच्या बांधावरच्या झोपडीवजा कोपीत राहत असतात. हे अंतर डोक्यात ठेवूनच सरकारची उत्तरे वाचली पाहिजेत, असे आम्हाला वाटते.

(दृश्य: विधानभवन. छापील प्रश्नोत्तरांच्या यादीची पाने.)

विधिमंडळातल्या प्रश्नाची भाषा ठरलेली असते. अमुक जिल्ह्यात अमुक प्रकार घडल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय. असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय. चौकशीत काय आढळून आले. नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? उत्तरही तितक्याच ठरलेल्या शब्दांत येते: ‘होय, हे खरे आहे’, ‘हे खरे नाही’, ‘अंशतः खरे आहे’, आणि शेवटच्या उपप्रश्नापुढे अनेकदा ‘प्रश्न उद्भवत नाही’. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात उभे राहून उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी मिळते. मंत्र्यांनी ‘तपासून कार्यवाही करू’ असे म्हटले की ते आश्वासन ठरते, आणि त्याचा पाठपुरावा करण्यासाठी विधिमंडळाची आश्वासन समिती असते.

या छापील भाषेत वरवर कोरडेपणा दिसतो, पण तिच्या एका ओळीतून किती मोठे सत्य बाहेर येऊ शकते, हे बीड जिल्ह्याने २०१९ च्या जूनमध्ये पाहिले. ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांची गर्भाशये काढली जात असल्याच्या बातम्या आल्यानंतर विधान परिषदेत सदस्य नीलम गोऱ्हे यांनी हा विषय मांडला. तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी उत्तरात आकडा दिला: २०१६-१७ ते २०१८-१९ या तीन वर्षांत बीड जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांमध्ये गर्भाशय काढण्याच्या ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या होत्या.

हा आकडा नीट समजून घेतला पाहिजे, कारण त्यावर नंतर बरेच गैरसमज झाले. तो जिल्ह्यातल्या सर्व स्त्रियांच्या शस्त्रक्रियांचा होता, फक्त ऊसतोड करणाऱ्यांचा नव्हता. आणि तो खासगी रुग्णालयांच्या नोंदींमधून आला होता, म्हणजे जिथे कागद होता तिथलेच उत्तर मिळाले होते. शस्त्रक्रिया झालेली बाई फडात जाते की नाही, तिचे वय काय, पोटात दुखते म्हणून गेलेल्या तिला गर्भाशय काढण्याखेरीज दुसरा उपाय सांगितला गेला होता का, पाळीच्या दिवसांत खाडा पडला तर मुकादम पैसे कापतो म्हणून तिने स्वतःच होकार दिला का, यांपैकी काहीही त्या नोंदीत नव्हते. ते कळण्यासाठी घरोघर जावे लागणार होते. मंत्र्यांनी सभागृहात चौकशी समिती जाहीर केली, आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीचे निष्कर्ष आले. त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. दर सहा बायांमागे जवळपास एक.

पहिल्या उत्तरातला आकडा आणि नंतरच्या पाहणीतला आकडा यांत विसंगती नाही. दोन वेगळ्या प्रश्नांची ती दोन उत्तरे आहेत. ‘जिल्ह्यात किती शस्त्रक्रिया झाल्या?’ हा एक प्रश्न. ‘फडात राबणाऱ्या किती बायांचे गर्भाशय गेले?’ हा दुसरा. सरकार मोजलेलेच सांगू शकते, आणि काय मोजायचे हे बऱ्याच वेळा विचारणाऱ्याच्या नेमकेपणावर ठरते.

(दृश्य: रिकामा महामार्ग. डोक्यावर बोचकी घेऊन चालणारी माणसे, २०२०.)

मोजलेच नसेल तर काय होते, हे दुसऱ्याच वर्षी दिल्लीत दिसले. २०२० च्या टाळेबंदीनंतर सप्टेंबरमध्ये संसदेचे अधिवेशन भरले, तेव्हा प्रश्नोत्तराचा तासच वगळलेला होता. लेखी उत्तरे तेवढी दिली जात होती. अशाच एका लेखी उत्तरात तत्कालीन कामगार मंत्री संतोष गंगवार यांनी लोकसभेला सांगितले की सुमारे १ कोटी ४ लाख स्थलांतरित कामगार आपापल्या राज्यांत परतले. परतताना किती जणांचा मृत्यू झाला, या प्रश्नावर मात्र उत्तर होते की अशी माहिती ठेवलेली नाही. माहितीच नाही म्हटल्यावर त्या कुटुंबांना मदत देण्याचा मुद्दाही तिथेच थांबला. त्याच वर्षी ८ मे रोजी छत्रपती संभाजीनगरजवळ करमाड परिसरात, जालन्याहून पायी निघालेले आणि थकून रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली मृत्युमुखी पडले होते. मराठवाडा ती पहाट विसरलेला नाही, आणि म्हणून ‘माहिती ठेवलेली नाही’ हे शब्द इथे अधिक बोचतात.

माहिती का नसते, याचे एक कारण कायद्याच्या रचनेत आहे. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठीचा कायदा १९७९ चा. ठेकेदाराने परराज्यात नेलेल्या कामगारांची नोंद, त्यांना विस्थापन भत्ता, येण्या-जाण्याचा खर्च, राहण्याची सोय अशा तरतुदी त्यात होत्या. नंतर २०२० च्या कामगार संहितेने व्याख्या रुंदावली आणि ठेकेदाराविना स्वतःहून गेलेल्या कामगारालाही त्यात जागा दिली. राज्याची सीमा ओलांडण्याची अट मात्र दोन्हींत आहे. म्हणजे बीडचे जोडपे कर्नाटकातल्या बेळगावच्या बाजूला ऊस तोडायला गेले तर ते स्थलांतरित कामगार, आणि त्याच गावचे दुसरे जोडपे तीनशेहून अधिक किलोमीटर दूर कोल्हापूरला गेले तर या व्याख्येबाहेर. उचल दोघांची सारखीच असते आणि मुकादम तर अनेकदा एकच असतो. राज्याच्या आतल्या स्थलांतराची जबाबदारी राज्याच्याच कायद्यावर आणि योजनांवर येऊन पडते.

(दृश्य: अर्थसंकल्पाची पुस्तके. आकड्यांचे रकाने.)

खर्चाच्या प्रश्नांकडे वळताना मराठवाड्याने शब्दांची फार काळजी घेतली पाहिजे. ४ ऑक्टोबर २०१६ रोजी तेव्हाच्या औरंगाबादेत राज्य मंत्रिमंडळाची बैठक झाली आणि या विभागासाठी ४९,२४८ कोटी रुपयांचा कार्यक्रम जाहीर झाला. मुक्तिसंग्रामाच्या अमृतमहोत्सवी वर्षात, १६ सप्टेंबर २०२३ रोजी, याच शहरात पुन्हा बैठक होऊन ४५ हजार कोटींहून अधिक रकमेच्या कामांची घोषणा झाली. घोषणा म्हणजे तरतूद नव्हे, हे कोणताही जुना कारकून सांगेल. घोषणेनंतर प्रशासकीय मान्यता लागते. मान्यतेनंतर अर्थसंकल्पात किंवा पुरवणी मागण्यांत तरतूद लागते. तरतुदीतून निधी वितरित व्हावा लागतो. आणि वितरित निधी ३१ मार्चपूर्वी खर्च झाला नाही तर तो परत जातो. ‘मराठवाड्याला किती दिले?’ असे विचारले की यांपैकी कोणताही आकडा खरेपणाने देता येतो, आणि तो बहुधा सर्वांत मोठा असतो. म्हणून योजनेचे नाव, लेखाशीर्ष, वर्ष, मंजूर तरतूद, वितरित रक्कम आणि प्रत्यक्ष खर्च हे वेगवेगळे विचारणारा आमदार या विभागाचे खरे काम करतो, मग त्याच्या प्रश्नाची बातमी होवो अथवा न होवो.

आपल्याकडे अशा हिशेबाची परंपरा होती. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १९८४ मध्ये राज्याचा ३,१८६.७८ कोटी रुपयांचा अनुशेष, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या भागांची तूट, काढला, त्यात मराठवाड्याचा वाटा ७५०.८५ कोटींचा होता. पुढे निर्देशांक व अनुशेष समितीने १९९४ च्या स्थितीवर आधारलेला अनुशेष १४,००६.७७ कोटी ठरवला आणि मराठवाड्याचा ४,००४.५५ कोटी. संविधानाच्या अनुच्छेद ३७१(२) अन्वये १९९४ मध्ये विभागवार विकास मंडळे स्थापन झाली, आणि प्रत्येक मंडळाच्या कामाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवण्याची तरतूद त्याच अनुच्छेदात आहे. ३० एप्रिल २०२० रोजी मंडळांची मुदत संपली. त्यांच्या पुनर्गठनाचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२२ मध्ये घेतला. मुदत संपताना मंडळ गेले याची चर्चा पुष्कळ झाली. मंडळाबरोबर तो वार्षिक अहवालही गेला, याची फारशी झाली नाही. ज्या कागदावर बोट ठेवून उपप्रश्न विचारायचा, तो कागदच समोर नसेल तर आमदार वृत्तपत्राचे कात्रण घेऊन उभा राहतो, आणि कात्रणाला ‘हे खरे नाही’ असे उत्तर देणे सोपे असते.

(दृश्य: फडालगतच्या कोप्या. चुलीशेजारी वही उघडून बसलेली मुलगी.)

ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे कल्याण महामंडळ आहे. त्याच्यासाठी कारखान्यांकडून गाळलेल्या उसावर टनामागे १० रुपये घ्यायचे आणि तितकीच रक्कम राज्याने घालायची, असा निर्णय झाला. मुलांचे शिक्षण तुटू नये म्हणून संत भगवानबाबा यांच्या नावाने ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना २०२१ मध्ये मंजूर झाली. प्रत्येक तालुक्यात एक मुलांचे आणि एक मुलींचे. त्याच वर्षी ग्रामसेवकामार्फत कामगारांची नोंदणी करून ओळखपत्रे द्यायचेही ठरले. या तीन निर्णयांत आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो तिसरा. किती मुलांसाठी वसतिगृह हवे, टनामागे जमा झालेला पैसा किती कुटुंबांपर्यंत जायला हवा, पाळीच्या दुखण्यासाठी फडावर किती आरोग्य पथके पाठवायची, हे सगळे त्या नोंदवहीवरून ठरते. गाव सोडल्याची तारीख, मुकादम, कारखाना, बरोबर नेलेली मुले आणि परतल्याची तारीख एवढे पाच रकाने प्रत्येक ग्रामपंचायतीत भरले गेले, तर पुढच्या अधिवेशनात आमदाराला विचारता येईल: अमुक तालुक्यातून यंदा किती कोयते गेले, त्यांच्याबरोबर किती मुले गेली, त्यांपैकी किती वसतिगृहात राहिली, आणि नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

(दृश्य: ट्रॉली गावाबाहेर पडते. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बंद कपाट.)