रणगाड्यावर एवढा गंज आला कुठून?

नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय ‘जर्मन रणगाड्यांवरचं झिमेरिट स्केलमध्ये कसं करावं’, म्हणजे रणगाड्यांना लावायचा तो लेप छोट्या मॉडेलवर कसा करावा, आणि ते मी सांगणारच आहे, पुट्टी सोबत घेऊन आलोय. पण त्याआधी एक गोष्ट बरेच दिवस मनात साचलीय ती बोलून टाकतो, कारण एवढे सगळे मॉडेलवाले एका खोलीत परत कधी सापडणार. गोष्ट गंजाची आहे.

मध्यंतरी एका स्पर्धेत मी पँथर या जर्मन रणगाड्याचं मॉडेल ठेवलं होतं. १/३५ स्केल म्हणजे खऱ्या गाडीच्या पस्तिसाव्या भागाएवढं, पँथर आउसफ डी म्हणजे त्याची अगदी पहिली आवृत्ती, रशियातली कुर्स्कची लढाई, जुलै १९४३. चाकांमध्ये काळी माती, इंजिनाच्या झाकणांवर तेलाचे डाग, बाजूला धूळ. परीक्षक आले, वाकून बघितलं, चष्मा काढून परत बघितलं आणि म्हणाले, ‘‘काम स्वच्छ आहे, पण गाडी फार नवी वाटतेय हो, जरा वेदरिंग करायचं ना.’’ वेदरिंग म्हणजे गाडी वापरून जुनी झालेली दाखवणारं रंगकाम. आणि पहिलं बक्षीस गेलं शेजारच्याच पँथरला, ज्याच्या टरेटपासून, म्हणजे तोफेच्या फिरत्या घुमटापासून, खालपर्यंत गंजाचे ओघळ, मडगार्ड खाल्लेले, कडांना बोटभर रंग उडालेला. ज्या मुलाने केला त्याचा हात फार सुंदर आहे, ऑइल पेंटची इतकी तलम शेडिंग मी क्वचित बघितलीय, त्याच्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही. तक्रार आहे ती त्या ‘नवी वाटतेय’बद्दल. अहो, नवीच होती ती!

जरा तारखा मांडू या. पँथरचं उत्पादन सुरू झालं जानेवारी १९४३ मध्ये. पहिल्या गाड्यांमध्ये इतक्या खोड्या निघाल्या की दुरुस्तीला परत बोलवाव्या लागल्या, आणि २०० पँथर रेल्वेने कुर्स्कच्या दक्षिण आघाडीवर पोचले ते लढाईच्या अगदी तोंडावर. लढाई सुरू झाली ५ जुलैला. कुठे इंजिनाला आग, कुठे फायनल ड्राइव्ह म्हणजे साखळीपट्टे फिरवणारे गिअर गेले, कुठे सुरुंग, आठवडाभरात त्यातले बहुतेक बंद पडले. म्हणजे गाडीचं वय फार तर सहा महिने. तुमच्या स्कूटरचा मडगार्ड सहा महिन्यांत गळून पडतो का? हात वर करा. नाही ना? मग काही सेंटिमीटर जाडीचं चिलखत कसं गंजून जाईल?

दुसरा जर्मन रणगाडा टायगर, त्याचं तेच. उत्पादन ऑगस्ट १९४२ ते ऑगस्ट १९४४, एकूण साधारण साडेतेराशे गाड्या, म्हणजे युद्ध संपलं तेव्हा सगळ्यात म्हातारा टायगर पण तीन वर्षांचा नव्हता, आणि बहुतेक त्याच्या कितीतरी आधी जळाले, फुटले किंवा पेट्रोल संपलं म्हणून क्रूनेच उडवून दिले. त्याच्यानंतरचा किंग टायगर तर आलाच १९४४ मध्ये. मग आपल्या डोळ्यांसमोर हा गंज येतो कुठून? येतो आजच्या फोटोंमधून. फ्रान्समधल्या नॉर्मंडीत विमुतिए गावाबाहेर ऑगस्ट १९४४ मध्ये सोडून दिलेला टायगर कित्येक दशकं उघड्यावर पावसात उभा होता, त्याला गंज चढणारच. आपण त्याचे फोटो समोर ठेवतो आणि खाली पाटी लावतो ‘नॉर्मंडी, १९४४’.

आता स्केलचं गणित. मॉडेलवर तुम्ही स्पंजने ३ मिलिमीटरचा चरा उठवलात तर खऱ्या गाडीवर तो साडेदहा सेंटिमीटरचा होतो, तळहाताएवढा. असे पन्नास तळहात एका टरेटवर! हेअरस्प्रेची पद्धत, म्हणजे खाली हेअरस्प्रे मारून वरचा रंग पाण्याने उडवायचा, मलाही आवडते, रंग सुटताना बघायला मजा येते हे कबूल, पण हात तिथेच सुटतो.

मग करायचं काय, कोरी गाडी ठेवायची? मुळीच नाही. क्रू जिथून चढतो-उतरतो तिथे पाय घासून रंग तुकतुकीत होतो. पेट्रोल भरतात तिथे ओला काळपट डाग. कुर्स्कची माती ओली असताना जवळजवळ काळी आणि वाळली की करडी, तेव्हा एकाच गाडीवर दोन्ही छटा हव्यात, खाली ओली, वर वाळलेली. ट्रॅक म्हणजे साखळीपट्टे उघड्या स्टीलचे, ते एका रात्रीत तपकिरी पडतात आणि गाडी चालली की जमिनीला लागणारा भाग घासून चमकतो, म्हणून नुसता सिल्व्हर मारू नका आणि नुसता काळाही नको. गंज मनसोक्त काढायचाय ना, तर सायलेन्सरवर काढा, पातळ पत्रा, रोज तापतो, तिथला रंग खरंच जळून जायचा.

आणि रंग. फेब्रुवारी १९४३ पर्यंत गाड्या गडद करड्या, जर्मन रंगसंहितेतला आरएएल ७०२१. नंतर हुकूम निघाला की मूळ रंग गडद पिवळा, आणि वरचे हिरवे आणि तांबूस तपकिरी पट्टे क्रूने स्वतः मारायचे. त्यासाठी डब्यातून घट्ट पेस्ट मिळायची, ती पेट्रोल नाहीतर पाण्यात पातळ करायची. कुणी जास्त पातळ केली, कुणी कमी, कुणाला स्प्रेगन मिळाली, कुणी झाडूसारख्या ब्रशने फासली. म्हणून बाटलीवरची शेड बरोबर की चूक यावर रात्र रात्र भांडणाऱ्यांना माझी विनंती, ती रात्र एअरब्रशने पातळ थर देण्यात घालवा. आणि पावसाळ्यात मुंबई-ठाण्याकडे लॅकर मारू नका, दमट हवेत पांढरी झाक येते, मग कितीही घासा.

मगाशी चहाच्या वेळी एका ताईंनी विचारलं, जर्मनच का? प्रश्न रास्त आहे. ही नाझींची हत्यारं होती, कासेलच्या हेन्शेल कारखान्यात टायगर बनायचे तिथे वेठबिगार राबवले जायचे, आणि इटलीत ह्याच सैन्यासमोर आपली मराठा पलटण उभी होती. माणगाव तालुक्यातले नाईक हुद्द्यावरचे यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला टायबरच्या खोऱ्यात जर्मन मशीनगनवर एकटे चालून गेले आणि तिथेच पडले, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो मरणोत्तर. माझ्या शेल्फवर टायगरच्या शेजारी मराठा लाइट इन्फन्ट्रीचा जवान असतो आणि तो मी जास्त मन लावून रंगवतो. किती बलाढ्य यंत्रापुढे आपली माणसं उभी राहिली ते कळायचं तर यंत्रही खरं दिसायला हवं, म्हणून ही सगळी धडपड.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं. झिमेरिट, भराभर. चुंबकी सुरुंग चिकटू नये म्हणून गाडीला लावायचा लेप. बेरियम सल्फेट, पॉलिव्हिनाइल ॲसिटेट म्हणजे आपल्या पांढऱ्या फेव्हिकॉलचं रसायन, पिवळा रंग, लाकडाचा भुसा. फॅक्टरीत लावायला लागले १९४३ च्या शरदात, बंद केलं सप्टेंबर १९४४ मध्ये, कारण मारा झाला की लेप पेटतो असा संशय आला. तो खोटा निघाला, पण वाळवण्यात वेळही जात होता, मग परत सुरू केलंच नाही. तेव्हा कुर्स्कच्या पँथरवर झिमेरिट लावू नका, आणि १९४५ साली फॅक्टरीतून निघालेल्या किंग टायगरवरही नको.

दोन भागांची इपॉक्सी पुट्टी सारखी मळा, टाल्कम पावडर टाकून लाटा, जितकी पातळ जाईल तितकी, कारण खरा लेप काही मिलिमीटरचाच, मॉडेलवर तो कागदाएवढा हवा. चिकटवा, ओल्या बारीक चपट्या स्क्रूड्रायव्हरने आडव्या रेघा दाबत जा, एका वेळी एकच बाजू, उन्हाळ्यात पुट्टी लवकर धरते. रेघा थोड्या वाकड्या गेल्या तर जाऊ द्या, कामगार हातानेच ओढत होते. वाळली की कोपऱ्यावर, गाडी ओढायच्या टो हुकपाशी दोन-तीन टवके उडवा. लेप लाल प्रायमरवर, म्हणजे रंगाआधीच्या अस्तरावर, लावलेला असायचा, म्हणून टवक्याखाली लालसर तपकिरी रंग भरायचा. ज्यांना तो रंग लावल्याशिवाय चैन पडत नाही त्यांनी तो इथे बिनधास्त लावा, कारण इथे तो गंज नाही, प्रायमर आहे. पुट्टी मळलेली आहे, मागच्या टेबलावर या, एक एक बाजू सगळ्यांनी करून बघा, पण आत्ताच या, तासाभरात दगड होईल.