घंटागाडीच्या वेळची प्रार्थना

नमस्कार श्रोतेहो, आणि माझ्या ख्रिस्ती बहीणभावांना प्रभूच्या नावाने सलाम.

आधी एक कबुली देऊन टाकते, म्हणजे पुढचं बोलायला मोकळी होते.

काही वर्षांपूर्वीचा मार्च महिना. समोरच्या वहिनींचं माहेर दिंडोरीकडचं, भावाची द्राक्षबाग आहे. माल काढणीला आलेला आणि आभाळ काळंभोर. वहिनी गेटपाशी भेटल्या. म्हणाल्या, "बाई, तुम्ही दर रविवारी चर्चला जाता, तर आमच्या बागेसाठी तुमच्या देवाला दोन शब्द सांगा ना." मी लगेच म्हटलं, "सांगते की!" घरात आले, दूध उतू जात होतं, मग फोन आला, आणि विसरले. साफ विसरले.

चार दिवसांनी वहिनी पिशवीभर द्राक्षं घेऊन दारात. गारा शेजारच्या शिवारापर्यंत आल्या, पण बागेला शिवल्या नाहीत. "तुमच्या प्रार्थनेनं वाचलो बघा!" खरं सांगायची हिंमत झाली नाही मला. पिशवी घेतली. द्राक्षं साखरेसारखी होती, पण घशाखाली उतरेनात.

आपण ख्रिस्ती माणसं "प्रार्थनेत आठवण ठेवू" किती सहज म्हणतो! "या एकदा चहाला" म्हणतात ना, तसं. दोघांनाही माहीत असतं, काही होणार नाही. पण वहिनींना ते माहीत नव्हतं. त्यांनी शब्द खरा धरला होता. आणि ज्या शिवारात गारा पडल्या, तिथेही कुणीतरी देवापुढे हात जोडलेच असतील की. म्हणजे वाचलेल्या बागेचं श्रेय मला मिळालं, तेही न केलेल्या कामाचं.

त्या रात्री ठरवलं, शेजाऱ्यांसाठी रोज प्रार्थना करायची. पहाटे पाचचा गजर लावला. प्रभू येशू पहाटे अंधारातच उठून एकांती गेला, हे मार्काच्या शुभवर्तमानात पहिल्याच अध्यायात आहे. मला ते नऊ दिवस जमलं. दहाव्या दिवशी गजर बंद करून कूस बदलली.

मग लक्षात आलं की नवी वेळ काढण्यापेक्षा रोज आपोआप येणाऱ्या वेळेला ती जोडावी. आणि आमच्या गल्लीत न चुकता कोण येतं? घंटागाडी! गाणं ऐकू आलं की सगळी गल्ली ओला कचरा, सुका कचरा अशा दोन बादल्या घेऊन गेटवर हजर. पाचसात मिनिटं सगळे चेहरे समोर असतात. मी तिथेच सुरू केलं. हात जोडायचे नाहीत, कारण हातात बादली. डोळे मिटायचे नाहीत, कारण गाडी मागे घेतात. फक्त जो समोर दिसेल, त्याचं नाव घेऊन मनातल्या मनात दोन वाक्यं. महापालिकेच्या गाडीमागे प्रार्थना करावी असं कुठल्या पाळकसाहेबांनी शिकवलं नव्हतं, पण "निरंतर प्रार्थना करा" असं प्रेषित पौलाने थेस्सलनीकरांना लिहिलं, त्यात जागेची अट नाही.

पहिल्याच आठवड्यात फजिती झाली. कोपऱ्यावरच्या घरातला मुलगा समोर आला आणि मला त्याचं नावच आठवेना. आठवेल कसं, कधी विचारलंच नव्हतं! अकरा वर्षं एका गल्लीत राहतोय. दुसऱ्या दिवशी विचारलं. सातपूरच्या कारखान्यात रात्रपाळी करतो, सकाळी झोपायच्या आधी आईसाठी कचरा टाकायला येतो. आईचे गुडघे गेलेत. मग आईची चौकशी, मग एक दिवस त्यांच्या ओट्यावर बसणं. सुवार्ता सांगण्याबद्दल आपण सभा घेतो, पत्रकं छापतो, पण पत्रक वाटताना समोरच्याचं नाव विचारावं लागत नाही. प्रार्थना करायची तर विचारावंच लागतं.

आपल्या नाशिकच्या शरणपूर रोडवरून रोज जाणाऱ्या किती जणांना त्या नावाची गोष्ट माहीत आहे, कोण जाणे. 1854 साली मिशनने तिथे वस्ती वसवली. गुलामांच्या जहाजांवरून सुटका झालेली आफ्रिकी मुलं तिथे राहिली, शिकली. त्यांतला एक जेकब वेनराइट. मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन 1873 साली आफ्रिकेत वारले, तेव्हा तो त्यांच्याबरोबर होता. सकाळी झोपडीत पाहिलं, तर ते पलंगाशी गुडघे टेकलेल्या अवस्थेत होते, प्राण गेलेला. त्यांचं हृदय तिथेच पुरलं, आणि त्या वेळी प्रार्थना वाचली आपल्या नाशिकला शिकलेल्या जेकबने. मला त्या गुडघ्यांचंच नवल वाटतं. तापाने खंगलेला माणूस, उठवत नव्हतं, तरी शेवटच्या रात्री शरीर आपणहून तिकडे वळलं. ते काही त्या रात्री ठरवून झालं नसणार.

आता एक नाजूक गोष्ट. शेजाऱ्यासाठी प्रार्थना करायची म्हणजे त्याच्या अडचणीत शिरून त्याला चर्चच्या दारापर्यंत ओढायचं, असं कुणाच्या मनात असेल तर कृपा करून करू नका. लक्ष्मीबाई टिळकांचं माहेर जलालपूर, आपल्या नाशिकलगतचं. नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई आधी वेगळ्या राहिल्या, मग नगरला पतीजवळ आल्यावरही आपलं सोवळं सांभाळून राहिल्या. त्यांचा बाप्तिस्मा 1900 साली झाला, स्वतःच्या मनाने. एका संसारात पाच वर्षं धीर धरावा लागतो, तर आपण गेटवरच्या ओळखीत घाई का करावी?

आणि सिंहस्थ. काही मंडळी म्हणतील, त्याचा आपल्याशी काय संबंध? यिर्मया संदेष्ट्याने बाबेलात कैद करून नेलेल्या लोकांना कळवलं होतं, तुम्ही ज्या नगरात आहात त्याचं हित पाहा, त्याच्यासाठी परमेश्वराची प्रार्थना करा. 2003 च्या सिंहस्थात इथे चेंगराचेंगरी झाली, 39 भाविक गेले. 2027 मध्ये शेजारच्या घरी पाहुणे उतरतील, आयाबाया रामकुंडाकडे चालत निघतील. त्या सुखरूप घरी परताव्यात, एवढं मागायला आपली काय हरकत?

तर, गेल्या मार्चची गोष्ट. पुन्हा आभाळ आलं. या वेळी वहिनींनी सांगायच्या आधीच मी रोज त्यांच्या भावाच्या बागेसाठी मागत होते, एकही दिवस न चुकता. गारा पडल्या. बरोबर त्याच बागेवर. घड सड्यासारखे खाली, उरलेले मणी तडकलेले.

मी गेले त्यांच्याकडे. काय बोलावं सुचेना. शेवटी ती जुनी द्राक्षांची गोष्ट सांगून टाकली, की त्या वर्षी मी प्रार्थना केलीच नव्हती, आणि या वर्षी रोज केली. वहिनी बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "या वर्षी केलीत ते ठाऊक आहे मला. गाडीपाशी तुमचे ओठ हलताना दिसतात." चहा ठेवायला उठल्या आणि आतूनच म्हणाल्या, "आता भावाच्या कर्जासाठी करा. आणि त्याचं नाव लिहून घ्या, नाहीतर विसराल."