कामातला विठ्ठल

(दादर पश्चिम. पहाटेचा फुलबाजार.)

सूर्य उगवायला अजून वेळ आहे आणि इथे पाय ठेवायला जागा नाही. झेंडू किलोवर, गुलाब गड्डीवर, सोनचाफा मोजून. वसईकडची फुलं पहाटेच्या लोकलने आली आहेत, घाटावरची टेम्पोतून. इथून निघालेलं फूल थोड्याच वेळात प्रभादेवीला सिद्धिविनायकाच्या पायाशी असेल, नाहीतर एखाद्या टॅक्सीत गणपतीच्या फोटोला, नाहीतर कामावर निघालेल्या कुणाच्या तरी वेणीत.

या ताईंकडे बघा. दोऱ्याचं टोक पायाच्या अंगठ्याला अडकवलंय. दोन कळ्या एका बाजूला, दोन उलट्या बाजूला, मध्ये दोऱ्याचा फास, आणि तो ओढून घट्ट. नजर फुलांवर नाहीच. गिऱ्हाइकाशी भाव चाललाय, शेजारणीशी लेकीच्या दहावीबद्दल बोलणं चाललंय. तरी गजरा कुठेही सैल पडत नाही. पूजा कधी करता, असं विचारलं तर म्हणतात, "घरी गेल्यावर. वेळ मिळाला तर."

आम्हाला वाटतं, ती पूजा इथे फूटपाथवर केव्हाच सुरू झाली आहे. हे पदरचं सांगत नाही. 1290 साली नेवाशाला पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीत, अठराव्या अध्यायात, ज्ञानदेवांची ओवी आहे:

तया सर्वात्मका ईश्वरा । स्वकर्मकुसुमांची वीरा ।
पूजा केली होय अपारा । तोषालागीं ॥

सगळ्यांच्या ठायी असलेल्या त्या ईश्वराला आपल्या कर्माची फुलं वाहिली, तर त्याच्या संतोषाला पार राहत नाही. वाहायची ती आपल्या वाट्याला आलेल्या कामाची फुलं. त्यासाठी वेगळा मुहूर्त सांगितलेला नाही, वेगळी जागाही नाही.

वारकरी संतांची नावं आपण त्यांच्या कामासकट घेतो. गोरा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी. जनाबाई दळता-कांडता अनंताला गाते. सावतोबांना तर मळ्यातली कांदा, मुळा, भाजी हीच विठाई. परंपरा सांगते, की ते अरणचा मळा सोडून पंढरीला गेले नाहीत. विठ्ठलच त्यांना भेटायला मळ्यात आला.

मुंबईकराला ही गोष्ट फार जवळची वाटते, कारण त्यालाही मळा सोडता येत नाही. सुट्टी मिळत नाही, रजा शिल्लक नसते, घरी कुणी आजारी असतं. आषाढीला पंढरपूर जमलं नाही की माणसं वडाळ्याच्या विठ्ठलमंदिराबाहेर रांग लावतात आणि तिथून तशीच कामावर जातात.

(विरारहून चर्चगेटकडे निघालेली सकाळची लोकल. डब्यात टाळांचा आवाज.)

16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली. आज या लोकल गाड्यांमधून दिवसाला सत्तर लाखांहून जास्त फेऱ्या होतात, आणि कितीतरी लोकांचे दिवसातले तीन-तीन तास इथेच जातात. हे तास वाया गेले, असंच आपण धरून चालतो. या डब्यातल्या मंडळींनी तसं धरलं नाही.

ऑफिसच्या बॅगेत डब्याशेजारी कापडात गुंडाळलेले टाळ आहेत. गाडीने वेग घेतला की "जय जय राम कृष्ण हरी" सुरू होतं, मग "रूप पाहता लोचनी". एकाने अभंग धरायचा, बाकीच्यांनी साथ करायची, मग पुढच्याने दुसरा घ्यायचा. ढोलकी असली तर उत्तम, नसली तर डब्याच्या पत्र्यावर बोटांनी ठेका धरायचा. बोरिवलीला गर्दी आत घुसते आणि छातीपाशी टाळ वाजवायला जागा उरत नाही. मग बघा, सगळे हात वर जातात आणि टाळ डोक्यावर वाजू लागतात. अंधेरीला एकाचं स्टेशन येतं, तो चरण अर्धा सोडून उतरतो, शेजारचा तो तिथूनच उचलतो. गाणं तुटत नाही.

इथे बँकेतला साहेब आणि कुरिअरवाला एकमेकांना "माउली" म्हणतात. कुणी दोन दिवस दिसला नाही तर तिसऱ्या दिवशी फोन जातो. कुणाच्या घरी ऑपरेशन असलं तर रक्त द्यायला डब्यातलीच माणसं उभी राहतात. पास काढून गाडीत चढलेली, एरवी एकमेकांना अनोळखी राहिली असती अशी ही माणसं.

हेही सांगायला हवं, की हा आवाज सगळ्यांना आवडत नाही. कुणी रात्रपाळी करून आलेला असतो, कुणाची परीक्षा असते. चांगलं मंडळ अशा वेळी टाळ खाली ठेवतं आणि हळू आवाजात म्हणतं. कोपऱ्यात झोपलेल्या माणसाची त्यांनी ठेवलेली ती जाण आम्हाला अभंगाइतकीच मोलाची वाटली.

(खंडेनवमी. लोकलच्या दारावर आंब्याच्या पानांचं तोरण.)

दसऱ्याच्या आसपास हेच प्रवासी आपला डबा सजवतात. दादरहून आणलेला झेंडू खिडक्यांच्या गजांना बांधला जातो, नारळ फुटतो, मोटरमनला पेढा दिला जातो. गिरणगावात गिरण्या चालू होत्या तेव्हा दसऱ्याला मागांची पूजा व्हायची. गिरण्या गेल्या, पण लालबाग-परळच्या छोट्या वर्कशॉपमध्ये लेथ अजून पुसून लख्ख होतं. टेलरच्या दुकानात शिलाई मशीनला हळदकुंकू लागतं, कात्रीवर एक फूल ठेवलं जातं. वर्षभर ज्यांच्यावर पोट चाललं त्या वस्तूंना हा नमस्कार असतो.

डबेवाल्यांबद्दल आजवर पुष्कळ बोललं गेलंय. 1890 पासूनचं काम, डोक्यावर पांढरी टोपी, मावळ-खेड-जुन्नरकडची गावं. त्यांच्यातल्या अनेकांच्या गळ्यात तुळशीची माळ असते आणि भुकेल्याला वेळेवर अन्न पोचवणं हीच ते सेवा मानतात, एवढं इथे पुरे.

(मध्यरात्रीनंतरचा रस्ता. मॅनहोलचं उघडं झाकण.)

आता एक अवघड गोष्ट. काम हीच पूजा, असं खुर्चीत बसलेल्या माणसाने गटारात उतरलेल्या माणसाला सांगितलं, तर तो अन्याय होतो. चोखोबांचं आयुष्य याची साक्ष आहे. विठ्ठलाचा एवढा मोठा भक्त, पण महार म्हणून त्यांना देवळाच्या आत पाऊल टाकता आलं नाही. 1338 साली मंगळवेढ्याला गावकुसाचं बांधकाम करताना भिंत कोसळली आणि ते इतर मजुरांबरोबर गाडले गेले. त्यांची समाधी पंढरपूरला महाद्वारासमोर आहे, नामदेव पायरीजवळ, दाराबाहेर. ते दार सगळ्यांसाठी उघडावं म्हणून साने गुरुजींना 1947 च्या मे महिन्यात दहा दिवस उपोषण करावं लागलं.

हाताने मैला साफ करवून घेण्यावर 2013 च्या कायद्याने बंदी आहे. तरीही टाकीत गुदमरून माणसं गेल्याच्या बातम्या येतच राहतात. ज्याच्या कामाला आपण मान देत नाही, हातमोजे आणि मास्क देत नाही, पुरता पगार देत नाही, त्याला त्या कामात देव शोधायला सांगायचा अधिकार आपल्याला नाही. तो शोधायचा असला, तर आपण आपल्या बाजूने शोधायचा.

(परळ. चाळीतली सकाळ, गॅलरी, नळाचं पाणी.)

या आजींच्या हातून सकाळी काचेचा ग्लास फुटला. ओठांवर हरिपाठ चालू आहे, तो थांबलेला नाही. त्यांनी तुकडे झाडूने गोळा केले, बारीक चुरा ओल्या कापडाने टिपला. मग सगळं वर्तमानपत्राच्या चार घड्यांत गुंडाळलं, वर सुतळी बांधली. नातवाकडून लाल पेन मागून घेतलं आणि पुडक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: "काच आहे. सांभाळून."

नातू म्हणाला, "आजी, कचराच तर आहे."

"कचरा उचलणाऱ्याला हात आहेत ना रे," त्या म्हणाल्या, आणि पुडकं ओल्या कचऱ्यापासून वेगळं, डब्याच्या झाकणावर ठेवायला निघाल्या.