आजी रमल्या होत्या, मग ते फॉर्मवर का उतरलं नाही?

[स्क्रीनवर: टेबलावर मांडलेली आठ पोस्टकार्डं, प्रत्येकावर एक पेंटिंग]

नमस्कार मंडळी. ही आठ कार्डं बघा आणि मनातल्या मनात आवडीप्रमाणे रांग लावा. सगळ्यात आवडलेलं डावीकडे, अजिबात न आवडलेलं उजवीकडे. पंधरा दिवसांनी मी पुन्हा विचारलं, तर तुम्ही साधारण हीच रांग लावाल. एखाददुसरं कार्ड फार तर इकडचं तिकडे होईल.

अमेरिकेत अँड्रिया हाल्पर्न या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रयोग अल्झायमर झालेल्या लोकांबरोबर केला. तो २००८ साली प्रसिद्ध झाला. तीन शैलींची चित्रं, प्रत्येक शैलीची आठ कार्डं, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा तेच काम. दुसऱ्या वेळी या मंडळींना आधीची कार्डं धड ओळखूही येत नव्हती. पण लावलेली रांग मात्र आजार नसलेल्या त्यांच्याच वयाच्या लोकांइतकीच पक्की निघाली.

म्हणजे चित्र पाहिल्याचं लक्षात नाही, पण कुठलं आवडतं ते शाबूत आहे. ऐकायला छान वाटतं. पण यावर संशोधन करायला बसलात की घोळ सुरू होतो. डिमेन्शिया म्हणजे स्मृती आणि विचारशक्ती ढासळत जाणं, अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार. चित्रांमुळे डिमेन्शिया झालेल्या माणसाला बरं वाटतं का, हे शोधायचं असेल, तर सरळ त्यांनाच विचारावं ना? आणि ज्यांना सकाळचं संध्याकाळी आठवत नाही, त्यांना विचारायचं तरी काय?

आज ज्या अभ्यासाबद्दल बोलायचंय, त्याचं नाव ‘डिमेन्शिया अँड इमॅजिनेशन’. ब्रिटनमधला प्रकल्प, वेल्समधल्या बँगोर विद्यापीठातल्या गिल विंडल यांच्या नेतृत्वाखालचा. पैसे दिले तिकडच्या कला आणि मानव्यविद्या संशोधन परिषदेनं, हे लक्षात ठेवा, कारण असले अभ्यास बहुतेक वेळा वैद्यकीय निधीच्या दारात उभे असतात. १२ आठवड्यांचा दृश्यकलेचा कार्यक्रम, वृद्धांसाठीची केअर होम्स, एक रुग्णालय आणि गावातल्या सार्वजनिक जागा अशा तीन प्रकारच्या ठिकाणी. एकूण १२५ माणसं, आजार सौम्य ते तीव्र. मोजमाप सुरुवातीला, तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी.

आता असा अभ्यास आखताना टेबलाभोवती कोण कोण बसतं ते डोळ्यांसमोर आणा. संख्याशास्त्रवाल्यांना हवं असतं की प्रत्येक ठिकाणी प्रत्येक आठवड्याला अगदी तेच घडावं. गोळी देताना कसं, सगळ्यांना एकच डोस. त्यावर चित्रकार म्हणणार, अहो, आज समोरच्या बाई रंगाला हातच लावायला तयार नाहीत, त्यांना कापडाचे तुकडे हातात घ्यावेसे वाटतायत, मग मी काय वेळापत्रक दाखवू त्यांना? दोघांचंही बरोबर असतं, म्हणून तर अवघड.

या टीमनं काढलेला तोडगा मला फार आवडला. आधी त्यांनी, असे कार्यक्रम नेमके कशामुळे चालतात, यावर वेगळं काम केलं. त्यातून दोन गोष्टी पुढे आल्या. एक, कलेचा अनुभव डोक्याला चालना देणारा, थोडा डिवचणारा हवा. वेळ घालवायला दिलेलं रंगवायचं पुस्तक चालणार नाही. दोन, कलाकारानं समोरच्या माणसाकडे बघून त्या क्षणी बेत बदलायला हवा. म्हणजे कृती ठिकाणाप्रमाणे बदलेल, तत्त्व सगळीकडे तेच.

परवानगीचंही एक प्रकरण आहे, ते पटकन सांगतो. इंग्लंड-वेल्समध्ये २००५ चा मेंटल कपॅसिटी अ‍ॅक्ट आहे. ज्याला स्वतः संमती देता येत नाही, त्याला अभ्यासात घेण्याआधी त्याच्या जवळच्या माणसाचा सल्ला घ्यावा लागतो. सही झाली तरी काम संपत नाही. माणूस सत्रात अस्वस्थ दिसला, उठून जायला लागला, तर त्याला जाऊ द्यायचं.

[स्क्रीनवर: निकाल, तीन ओळींत]

आता निकाल, आणि इथे जरा नीट लक्ष द्या. एक: निरीक्षकांनी सत्रं चालू असताना बघून गुण दिले. रस, लक्ष, आनंद, आत्मसन्मान, उदासी, नकारात्मक भाव. इतर वेळच्या साध्या गप्पाटप्पांपेक्षा चित्रांच्या सत्रात हे गुण ठळकपणे चांगले होते. दोन: जवळच्या माणसांनी भरलेल्या प्रश्नावलीत आजारी माणसाच्या जगण्याचा दर्जा तीन महिन्यांनी सुधारलेला दिसला. तीन: खुद्द डिमेन्शिया झालेल्यांनी दिलेल्या उत्तरांत काहीच सुधारणा नाही!

पण त्याच लोकांशी बसून बोलल्यावर त्यांनी जे सांगितलं ते वेगळंच होतं. मजा आली, माणसं भेटली, आतून बळ आलं, अशा अर्थाचं. तीच माणसं, तोच कार्यक्रम. मग फॉर्म खोटा की गप्पा खोट्या?

मला वाटतं, दोन्ही खरं आहे. डिमेन्शिया झालेल्यांना दिलेली ती प्रश्नावली, तिचं नाव डेमक्वोल, विचारते की गेल्या आठवड्यात तुम्हाला कसं वाटलं. गेला आठवडा! ज्याची स्मृतीच विरत चाललीय, त्याला आपण आठवड्याचा हिशोब मागतोय. निरीक्षक मात्र त्या खोलीत, त्या मिनिटाला बघत होता. गप्पांमध्ये समोर चित्र ठेवता येतं, वाट बघता येते. तीन साधनं, तीन वेगळे काळ मोजणारी. म्हणूनच अशा अभ्यासात मानसशास्त्र, संख्याशास्त्र, कला आणि गुणात्मक संशोधन अशी सगळी मंडळी पहिल्या दिवसापासून लागतात. नुसता फॉर्म ठेवला असता तर ‘उपयोग नाही’ असं छापून आलं असतं, आणि नुसतं निरीक्षण ठेवलं असतं तर ‘चमत्कार’.

पण माझेही काही आक्षेप आहेत. निरीक्षकाला समोर रंग दिसतायत. औषधाच्या चाचणीत कोणाला खरी गोळी मिळाली हे लपवता येतं, ब्रश कसा लपवणार? आणि नातेवाइकांना सुधारणा दिसली, त्यात आशेचा वाटा किती? चित्रांशिवाय सहा महिने काढणारा वेगळा गट नसेल, तर हे वेगळं काढणं कठीण. आणखी एक, याच प्रकल्पाच्या आर्थिक हिशोबात गुंतवलेल्या प्रत्येक पौंडामागे ५.१८ पौंडांचं सामाजिक मूल्य निघालं. ‘आनंद’ किती पौंडांचा, हे आधी कोणीतरी ठरवल्याशिवाय असा आकडा निघत नाही, एवढं लक्षात असू द्या. कॉक्रेन या पुराव्यांची छाननी करणाऱ्या संस्थेनं २०१८ मध्ये डिमेन्शियासाठीच्या कलोपचारावरच्या काटेकोर चाचण्या शोधल्या, तर दोनच सापडल्या, मिळून ८८ माणसांच्या. ठाम निष्कर्ष काढायला ते फारच अपुरं.

हे आपल्याकडे करायचं म्हटलं तर? भारतात साठीच्या पुढच्या लोकांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे ८८ लाखांच्या आसपास लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या कितीतरी आज्या शाळेत गेलेल्या नाहीत. ‘कागदावर घड्याळाचं चित्र काढा’ ही आजार तपासायची चाचणी त्यांच्यापुढे ठेवली आणि ते वाकडं आलं, तर तो आजार की पेन्सिलीची सवय नसणं? त्याच आजी चिमटीतून रांगोळीची सरळ रेघ सोडत असतील. तेव्हा साहित्य निवडण्यापासूनच घरच्या बायकांना विचारावं लागेल.

आणि जवळच्या माणसानं भरायचा तो फॉर्म. आपल्याकडे आंघोळ घालते सून, रात्री उठते सून, आणि पाहुणे आले की खुर्चीत बसून उत्तरं देतो मुलगा. ‘आई बरी आहे हो!’ मी असा अभ्यास आखला, तर फॉर्मवर नात्याच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना ठेवीन: दिवसातले किती तास तुम्ही त्यांच्याजवळ असता? आणि उत्तर एका तासाच्या आत आलं, तर फॉर्म दुसऱ्या कोणाच्या तरी हातात द्यायचा.