विलंबाची कारणे काय आहेत?

(दृश्य: सांगली. सरकारी कचेरीचा जिना. फाइली घेऊन वर-खाली करणारी माणसं. मोबाइलची रिंग.)

अधिवेशन भरतं मुंबईत किंवा नागपुरात. त्याची धावपळ मात्र आधी सांगली-साताऱ्याच्या कचेऱ्यांत सुरू होते. मंत्रालयातून मेल येतो आणि बांधकाम विभागापासून पाटबंधारेच्या उपविभागापर्यंत एकच वाक्य फिरतं, ‘एलएक्यू आलाय.’ रजा रद्द. मुख्यालय सोडायचं नाही, असं परिपत्रक. कित्येक महिने कुणी उघडली नव्हती ती फाइल दुपारपर्यंत साहेबांच्या टेबलावर हजर.

एलएक्यू म्हणजे आमदारानं मंत्र्याला विचारलेला प्रश्न. विधानसभेत 288 आमदार, त्यात सांगलीचे आठ आणि साताऱ्याचे आठ. विधान परिषदेचे 78 सदस्य वेगळे. टीव्हीवर दिसतात त्या घोषणा, सभात्याग, पायऱ्यांवरची आंदोलनं. या फिल्ममध्ये त्यातलं काही नाही. आम्ही निघालोय एका कागदाच्या मागे.

(दृश्य: जत तालुका. माळरान, वस्तीवरची दोन खोल्यांची शाळा.)

समजा, जत तालुक्यातल्या एका वस्तीवरच्या शाळेचं छत गळतंय. गावकऱ्यांनी आमदाराला निवेदन दिलं. आमदारानं प्रश्न लिहिला, तो विधानमंडळ सचिवालयात गेला, नियमात बसला, स्वीकारला गेला. तिथून शालेय शिक्षण विभाग. विभागाकडून संचालनालय, संचालनालयाकडून सांगलीचे शिक्षणाधिकारी, त्यांच्याकडून जतचे गटशिक्षणाधिकारी, मग केंद्रप्रमुख. आणि शेवटी कागद पोचतो मुख्याध्यापकांच्या हातात. म्हणजे मंत्र्यांना विचारलेल्या प्रश्नाचं पहिलं उत्तर लिहितो तो माणूस, जो त्याच गळक्या छताखाली बसलेला आहे.

तो खरं लिहितो. लिहितोच. ‘दोन्ही वर्गखोल्यांत पाणी येते.’ मग कागद वर चढायला लागतो. तालुक्याला त्याचं होतं ‘छताची दुरुस्ती आवश्यक’. जिल्ह्याला ‘किरकोळ दुरुस्ती प्रस्तावित’. मुंबईत पोचेपर्यंत छापील उत्तर तयार होतं, ‘हे अंशतः खरे आहे.’

कुणी खोटं बोललं का? नाही. प्रत्येक टेबलानं आपल्यापुरती थोडी धार काढून घेतली, इतकंच.

(दृश्य: तारांकित प्रश्नोत्तरांच्या यादीचं पान. कॅमेरा ओळीवरून हळू सरकतो.)

या प्रश्नांचा साचा ठरलेला असतो. पहिला भाग, ‘हे खरे आहे काय?’ दुसरा, ‘असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय?’ तिसरा, ‘त्या अनुषंगाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे?’ आणि सगळ्यात शेवटी हमखास येणारी ओळ, ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’

उत्तराचाही साचा आहे. ‘होय.’ ‘हे खरे नाही.’ ‘माहिती घेण्यात येत आहे.’ आणि त्या शेवटच्या ओळीसमोर बहुतेक वेळा दोन-तीन शब्द, ‘प्रश्न उद्भवत नाही.’ सरकारी मराठीत याहून सुटसुटीत सुटका नाही. रस्ता चार वर्षं रखडला असला तरी कार्यवाही ‘चालू’ असेल, तर विलंबच नाही. आणि विलंबच नाही म्हटल्यावर त्याची कारणं कुठून येणार?

काही प्रश्नांवर आठ-दहा आमदारांची नावं दिसतात. सातारचा प्रश्न, आणि विचारणाऱ्यांत विदर्भातलं नाव, कोकणातलंही. यातल्या कितीजणांनी तो प्रश्न वाचला असेल, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

(दृश्य: विधान भवनाची बाहेरून दृश्यं. मुंबई, मग नागपूर.)

तारांकित म्हणजे ज्याचं उत्तर सभागृहात तोंडी द्यायचं असा प्रश्न. अतारांकितचं उत्तर फक्त लेखी. तारांकितांची यादी लांबलचक असते आणि हाताशी तास एकच. मोजकेच प्रश्न पुकारले जातात, उरलेल्यांची उत्तरं कागदावरच राहतात. मंत्री सभागृहात नसले किंवा उत्तर फारच उघडं पडलं, तर अध्यक्ष प्रश्न राखून ठेवतात.

छापील उत्तर सगळ्यांच्या हातात आधीच असतं. तरीही या तासाला मंत्री सावध बसतात, कारण उपप्रश्न. छापील उत्तर वाचून आमदार उभा राहतो आणि तिथल्या तिथे पुढचं विचारतो. त्याची तयारी मंत्रालयाला पूर्ण करता येत नाही. अधिकाऱ्यांच्या गॅलरीत सचिव फाइल उघडून बसलेले असतात, तिथून चिठ्ठ्या येतात. चिठ्ठी वेळेत आली तर ठीक. नाहीतर मंत्री म्हणतात, ‘माहिती घेऊन पटलावर ठेवतो’, किंवा ‘दालनात बैठक लावू.’

उपप्रश्नाची ताकद इंग्रज सरकारनं फार आधी ओळखली होती. 1892 च्या कायद्यानं कायदेमंडळातल्या सदस्यांना प्रश्न विचारण्याची मुभा मिळाली, पण उपप्रश्नाची नाही. उत्तर ऐकायचं आणि खाली बसायचं. 1909 साली उपप्रश्न आला, तोही ज्यानं मूळ प्रश्न विचारला त्यालाच. आणि अगदी अलीकडे, सप्टेंबर 2020 मध्ये, कोविडचं कारण देऊन संसदेच्या अधिवेशनातून प्रश्नोत्तराचा तासच वगळला गेला. लेखी उत्तरं चालू होती, म्हणून फारसं बिघडलं नाही, असं तेव्हा सांगितलं गेलं. बिघडलं होतं. लेखी उत्तराला उलट विचारता येत नाही.

(दृश्य: म्हैसाळ. कृष्णेचं पात्र, पंपगृह, चढावरून जाणाऱ्या जाड जलवाहिन्या.)

आता पाण्याकडे. सांगली-साताऱ्याच्या आमदारांनी कुठल्या विषयावर मंत्र्यांना सगळ्यात जास्त छेडलं असेल, तर उपसा सिंचन. टेंभू, ताकारी, म्हैसाळ. कृष्णा वाहते पश्चिमेकडून, आणि तहान आहे पूर्वेला. आटपाडी, कवठेमहांकाळ, जत, पलीकडे माण-खटाव. पाणी आपसूक तिकडे जात नाही, टप्प्याटप्प्यानं वर चढवावं लागतं. टेंभूचं पाणी कराडजवळ उचलतात, म्हैसाळचं मिरज तालुक्यात.

वर्षानुवर्षं इथली मागणी होती, योजना पूर्ण करा. निधी किती, कालवा कुठवर, भूसंपादन का अडलं. मग पंप सुरू झाले आणि प्रश्नाचा रोखच बदलला. पाणी चढवायला वीज लागते, विजेचं बिल येतं, ते कुणी भरायचं? पाणीपट्टी वसूल झाली नाही की बिल थकतं. बिल थकलं की जोडणी तुटते. ऐन उन्हाळ्यात पंप गप्प, आणि द्राक्षबागा वाळायला लागतात.

आमदारानं हा प्रश्न विचारायचा कुणाला? जलसंपदा मंत्र्यांना विचारला तर ते वसुलीकडे बोट दाखवतात. ऊर्जामंत्र्यांना विचारला तर ते म्हणतात, थकबाकीदार जलसंपदा विभाग आहे. अर्थखात्याचं नाव कुणी घेत नाही, आणि चावी तर तिथेच असते. एकाच पंपाचा प्रश्न तीन खात्यांच्या तीन दिवशी विभागला जातो, कारण प्रत्येक खात्याचा उत्तराचा वार वेगळा. जो आमदार हे ओळखून आधीच प्रश्न नीट बांधतो, त्याच्या हाती काही लागतं. पुढे सरकारनं बिलाच्या 81 टक्क्यांचा भार स्वतः उचलायचा आणि 19 टक्के शेतकऱ्यांकडून घ्यायचे, असं ठरलं. हे एका दिवसातल्या एका उत्तरानं झालं नाही. आटपाडीच्या पाणी परिषदा, नागनाथअण्णा नायकवडींसारख्यांनी उभी केलेली चळवळ, रस्त्यावरचे मोर्चे, आणि अधिवेशनामागून अधिवेशन तोच प्रश्न. सभागृहातला प्रश्न एकटा फार काही करत नाही. बाहेर माणसं उभी असली की तो चालतो.

जतचं उदाहरण ताजं आहे. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये कर्नाटकच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी जत तालुक्यातल्या गावांवर हक्क सांगितला आणि मुंबई एकदम जागी झाली. त्याच वर्षी 27 डिसेंबरला नागपूरच्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांनी सीमाभागातल्या 865 गावांसाठी एकमुखी ठराव केला. जतला पाणी नेणाऱ्या म्हैसाळ विस्तारित योजनेच्या कागदांनाही गती आली. इतकी वर्षं विचारलेल्या प्रश्नांनी जे हललं नाही, ते शेजारच्या राज्याच्या एका विधानानं हललं. जतकरांनी यातून काय धडा घ्यायचा, हे सांगायला नको.

(दृश्य: सांगलीचा आयर्विन पूल. पाण्याच्या पातळीच्या खुणा.)

पुराचं थोडं वेगळं आहे. आयर्विन पुलाजवळ 40 फुटांना इशारा, 45 ला धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांवर गेलं आणि पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. तेव्हापासून सभागृहात पुराचा विषय निघाला की सगळे कृष्णेवरच्या, खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावर तुटून पडतात. अलमट्टीची साठवण पातळी 519.60 मीटरवरून 524.256 मीटर करायला दुसऱ्या कृष्णा लवादानं 2010 मध्ये मुभा दिली. तो वाद सर्वोच्च न्यायालयात आहे. साठवण वाढली की फुगवट्यानं पूर इकडे चढेल, ही चिंता खरी आहे, पण त्या धरणाचे दरवाजे महाराष्ट्राच्या मंत्र्यांच्या हातात नाहीत. त्यांच्या हातात काय आहे? कोयना आणि वारणेचा विसर्ग, नाले, आणि निळ्या पूररेषेच्या आत, जिथे बांधकामाला मनाई असते तिथे, उभ्या राहिलेल्या इमारतींचे परवाने. हा शेवटचा प्रश्न विचारायला अवघड. अलमट्टीवर बोललं की सगळं गाव टाळ्या वाजवतं, पूररेषेवर बोललं की अर्धं गाव नाराज होतं.

(दृश्य: तासगाव. बाजारपेठ, मग अंजनीचा रस्ता.)

मंत्री आणि विचारणारा, या दोन्ही खुर्च्यांत बसलेली माणसं या मातीत पुष्कळ. आर. आर. पाटील 1979 मध्ये सावळजमधून जिल्हा परिषदेत आले, 1990 मध्ये तासगावातून विधानसभेत. 1995 ते 1999 विरोधी बाकावर. 1999 ला ग्रामविकास मंत्री झाले, आणि आता खेड्यापाड्याचे प्रश्न त्यांच्याच नावावर यायला लागले. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान त्याच काळातलं, सन 2000 मधलं. जिल्हा परिषदेच्या सर्वसाधारण सभेत अधिकाऱ्याला धारेवर धरलेल्या माणसाला छापील उत्तरामागचं कच्चं उत्तर ओळखता येतं. ही तालीम मुंबईत मिळत नाही.

अध्यक्षपदाच्या खुर्चीवरही इथली माणसं दिसतात. पाटणचे बाळासाहेब देसाई, कोरेगावचे शंकरराव जगताप विधानसभेचे अध्यक्ष, फलटणचे रामराजे नाईक-निंबाळकर विधान परिषदेचे सभापती. आणि या सगळ्यांआधी सांगलीचे वि. स. पागे, 1960 पासून 1978 पर्यंत परिषदेचे सभापती. सभापती स्वतः प्रश्न विचारत नाही. पण दुष्काळी कामं का निघाली नाहीत, मजुरांना काम कधी मिळणार, हे पागे वर्षानुवर्षं ऐकत होते. तासगाव तालुक्यातल्या विसापुरात ‘मागेल त्याला काम’ या त्यांच्या कल्पनेचा प्रयोग झाला. त्यातून रोजगार हमी योजना आली, 1977 मध्ये तिचा कायदा झाला, 26 जानेवारी 1979 ला तो लागू झाला. त्यानंतर आमदाराचा प्रश्न पार पालटला. ‘काम काढणार काय’ ही विनंती होती. ‘मागूनही पंधरा दिवसांत काम दिलं नाही, बेकारी भत्ता दिला काय’ ही जाब विचारणी झाली. मंत्री तेच, खातं तेच. हातात कायदा आला.

(दृश्य: जिल्हा परिषदेचं रिकामं सभागृह. ओळीत लावलेल्या खुर्च्या, बंद माइक.)

आणि तालमीचंच म्हणाल, तर 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा आल्या, तेव्हा यशवंतराव चव्हाणांसमोर हाच हेतू होता की गावचा प्रश्न जिल्ह्यात सुटावा. मार्च 2022 मध्ये सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्हा परिषदांची मुदत संपली, निवडणुका लांबल्या आणि प्रशासक बसले. काही वर्षं सर्वसाधारण सभेत विचारणारा कुणी नव्हता आणि उत्तर देणारा अधिकारीच कारभारी. मग गळकं छत, बंद पडलेलं आरोग्य उपकेंद्र, अर्धवट नळपाणी योजना हे सगळं आमदाराच्या खिशात गेलं आणि तिथून थेट विधान भवनात. राज्याच्या धोरणावर विचारायचा तास हातपंपाच्या दुरुस्तीत जायला लागला. दोष आमदाराला देऊन चालणार नाही, खालचं दार बंद होतं.

(दृश्य: कोयनानगर. धरण, जलाशयाचा विस्तार. मग पुनर्वसित गावातली घरं.)

काही प्रश्न तर पिढ्यांचे आहेत. कोयनेत गेलेल्या जमिनीच्या बदल्यात जमीन. विस्थापित कुटुंबं सातारा, सांगली, सोलापूरपासून रायगड-ठाण्यापर्यंत पांगली. काहींना जमीन मिळाली पण सातबारा नाही, काहींची जमीन वनखात्याच्या नावावर. महसूल, पुनर्वसन, वन अशी तीन खाती, आणि वनजमीन आली की केंद्राची मंजुरी. पुनर्वसनाचा कायदा 1976 मध्ये झाला, 1986 ला नवा, 1999 ला पुन्हा नवा. कोयनेचं पाणी त्याआधीच अडलं होतं.

अशा प्रश्नांवर मंत्री आश्वासन देतात. ‘कालबद्ध कार्यक्रम आखू.’ टीव्हीची बातमी इथे संपते, काम इथून सुरू व्हायला हवं. सभागृहात दिलेलं आश्वासन नोंदलं जातं, आणि ते पाळलं की नाही हे पाहायला आमदारांचीच आश्वासन समिती असते. ती सचिवांना बोलावते, साक्ष घेते. तिच्या बैठकीला कॅमेरे नसतात, म्हणून बहुतेकांना ती माहीत नसते. जिल्ह्यातल्या कचेऱ्यांना मात्र चांगली माहीत असते, जशी जिल्हा परिषदांचा कारभार तपासणारी पंचायत राज समिती, म्हणजे पीआरसी, माहीत असते. पीआरसी येणार म्हटलं की झेडपीत रजिस्टरं लिहून पुरी होतात आणि भिंतींना रंग लागतो.

(दृश्य: मोबाइलच्या पडद्यावर विधानमंडळाचं संकेतस्थळ. बोट यादीवरून सरकतं.)

प्रश्नोत्तरांच्या याद्या आणि कामकाजाचा वृत्तांत संकेतस्थळावर ठेवले जातात. आपल्या तालुक्याचं नाव शोधा. प्रश्नावरची नावं बघा, छापील उत्तर वाचा, मग वृत्तांतात जाऊन बघा की त्या उत्तरावर कुणी उठून उपप्रश्न विचारला का. विचारला असेल, तर काय कबूल झालं आणि कोणत्या तारखेला, ते लिहून घ्या. पुढच्या वेळी आमदार गावात आले की ती तारीख त्यांना सांगा.